गुडघा दुखतोय, पण मुलीला सांगू कसं?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक 54 वर्षांचे आहेत. पाच महिन्यांनी ते आणि त्यांची 25 वर्षांची मुलगी टांझानियातला किलिमांजारो चढायला जाणार आहेत. कल्पना मुलीची. माचामे मार्गाने सहा दिवसांची मोहीम ठरली आहे, आगाऊ रक्कमही भरून झाली आहे. सरावासाठी दोघं दर रविवारी घराजवळची एक टेकडी चढतात. पायथ्यापासून माथा साधारण 400 मीटर उंच. मुलगी 50 मिनिटांत पोचते. यांना एक तास वीस मिनिटं लागतात, आणि गेल्या दोन महिन्यांत ही वेळ एका मिनिटानेही कमी झालेली नाही. त्यात उतरताना उजवा गुडघा दुखू लागलाय. मुलीला हे ठाऊक नाही. माथ्यावर तिची पाठ फिरली की ते वेदनाशामक गोळी घेतात. ते लिहितात, "सांगितलं तर ती सगळंच रद्द करेल. नाही सांगितलं आणि तिथे जाऊन अडलो, तर तिचं शिखर माझ्यामुळे हुकेल. सराव दुप्पट करू, की काहीतरी कारण काढून आताच माघार घेऊ?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गुडघ्यापाशी अडखळले, दुसऱ्यांदा गोळीपाशी. गुडघ्यावर पाच महिन्यांत बरंच काही करता येतं. मला जास्त काळजी त्या गोळीची वाटते. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या घड्याळाचा हिशोब करू, कारण तुमची निम्मी घालमेल त्या एक तास वीस मिनिटांतून आलेली आहे.

तुम्ही 400 मीटर 80 मिनिटांत चढता, म्हणजे तासाला 300 मीटर. आता किलिमांजारोवरची शिखराची रात्र बघा. बराफू कॅम्प साधारण 4,670 मीटरवर आहे. (बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ. आपला 'बर्फ' आणि हा 'बराफू', दोघांचं मूळ एकाच फारसी शब्दात आहे.) तिथून मध्यरात्रीच्या सुमाराला निघायचं आणि 5,895 मीटरच्या उहुरु शिखरावर सूर्योदयाच्या आगेमागे पोचायचं. सव्वाबाराशे मीटरची चढण सहा-सात तासांत. म्हणजे तासाला 175 ते 200 मीटर. तुमचा आजचा वेग, ज्याला तुम्ही पत्रात तीन वेळा 'लाजिरवाणा' म्हटलंय, तो तिथल्या वेगापेक्षा बराच जास्त आहे. मुलीचा तासाला 480 मीटरचा वेग तर तिथे कुणी वापरूच देणार नाही. गाइड पुढे उभा राहून "पोले पोले" म्हणेल, सावकाश, सावकाश. तुमच्या वेगाशी तुमची काही तक्रार असली, तरी त्या डोंगराची काही तक्रार नाही.

अर्थात खालच्या हवेतले 300 मीटर आणि तिथले 200 मीटर सारखे नाहीत. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागतो तो जवळजवळ अर्धा. आणि इथेच तुमचं दुसरं गृहीतक मला तपासून बघावंसं वाटतं: टेकडी लवकर चढता आली की उंची सोसेल. तसं होत नाही. धडधाकट, रोज धावणाऱ्या माणसालाही उंचीचा त्रास होतो आणि बेताच्या ताकदीचा माणूस ठणठणीत राहू शकतो. विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीर श्वास वाढवतं, रक्ताचा समतोल मूत्रपिंडांमार्फत नव्याने बसवतं, आणि या कामाला दिवस लागतात. दिवसांच्या जागी मांडीची ताकद चालत नाही. उलट ताकदवान माणसाला भरभर वर जाता येतं, म्हणून तो कधीकधी लवकर गोत्यात येतो. तुम्हा दोघांत त्रास कुणाला होईल हे आज कुणीच सांगू शकत नाही. ती तुमची मुलगीही असू शकते. या शक्यतेचा तुमच्या पत्रात कुठे उल्लेख नाही. तुम्ही सगळा हिशोब 'मी अडलो तर' असाच मांडलाय.

आता गोळी.

आपण सराव कशाचा करतो? पायांचा, फुप्फुसांचा, असं आपण म्हणतो. पण दर रविवारी जे पुन्हा पुन्हा करतो, त्या सगळ्याचाच सराव होत असतो. तुम्ही गेले दोन महिने दुखणं लपवण्याचा सराव करताय, आणि तो उत्तम चाललाय. मुलीला अजून पत्ता लागलेला नाही. पाच महिन्यांनी ही सवय पक्की होऊन तुमच्याबरोबर विमानात बसेल. समजा चौथ्या दिवशी संध्याकाळी डोकं ठणकतंय, जेवण जात नाही, पोटात ढवळतंय. गाइड विचारेल, कसं वाटतंय? मुलगी तोंडाकडे बघत असेल. तेव्हा तुम्ही काय म्हणाल, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. टेकडीवर लपवलेला गुडघा फार तर आठ दिवस लंगडायला लावेल. 4,600 मीटरवर लपवलेली डोकेदुखी मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येण्यापर्यंत जाऊ शकते. त्यावर खरा उपाय एकच असतो, वेळेत खाली उतरणं. आणि वेळेत उतरायचं तर वेळेत सांगावं लागतं.

म्हणून 'सराव दुप्पट करू का' याला माझं उत्तर नाही असं आहे. दुखऱ्या गुडघ्यावर दुप्पट सराव म्हणजे दुप्पट दुखणं. 'कारण काढून माघार घेऊ का' यालाही नाही. खोटं कारण हे त्याच लपवण्याचं शेवटचं पान झालं, आणि मुलीला ते पुढेमागे कळतंच. तुम्ही मला दोन पर्याय दिलेत, दोन्हींत मुलीला खरं कळत नाही. तिसरा साधा आहे. या रविवारी, चढायला सुरुवात करण्याआधी, पायथ्याशीच तिला सांगा: "गेले दोन महिने उतरताना माझा गुडघा दुखतोय. मी गोळ्या घेत होतो आणि तुझ्यापासून लपवत होतो. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू." एवढंच. घरी जेवताना नको, फोनवर नको. पायथ्याशी सांगितलंत की पुढचे दोन तास चालत चालत बोलायला मिळतील, आणि बरोबर चालताना अवघड गोष्टी बोलायला सोप्या जातात.

ती रागावेल. गुडघ्यासाठी नाही, लपवण्यासाठी. रागावू द्या. लगेच 'रद्द करूया' म्हणाली तर तिच्याकडून महिनाभर मागून घ्या. 25 वर्षांच्या मुलीला खरं सांगितलं तर ती निर्णय घेऊ शकत नाही, हेही तुम्हीच ठरवून टाकलेलं आहे.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणं हे चालणाऱ्यांत सर्रास आढळतं आणि बहुतेक वेळा मांडीचे, कमरेचे स्नायू बळकट केले की आटोक्यात येतं. पण गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर तपासणी होईपर्यंत टेकडी बंद. गोळ्या किती आणि कोणत्या घेतल्यात हे त्यांना नीट सांगा. चालून घाम गेलेला, पाणी कमी पडलेलं, आणि त्यात वरचेवर वेदनाशामक, हे मूत्रपिंडांना मानवत नाही. शिवाय गोळीने दुखणं झाकलं जातं, गुडघ्यावरचा भार तेवढाच राहतो. त्याच खेपेत तुमच्या वयाला साजेशी हृदयाची आणि रक्तदाबाची तपासणी उरकून घ्या. उंचीच्या त्रासावर आधीपासून घेतात ते ॲसिटाझोलामाइड तुम्हाला चालेल का, हेही विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती सांगायला विसरू नका. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपण घेऊ नये असं हे औषध आहे.

आता सरावाबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण अशी पत्रं मला बरीच येतात आणि जवळपास सगळ्यांत सराव म्हणजे चढणं, एवढंच असतं. उतरण्याबद्दल कुणी लिहीत नाही. आणि शिखराच्या दिवशी लोकांचे पाय मोडतात ते उतरताना. उहुरुवरून त्याच दिवशी म्वेका कॅम्पपर्यंत यायचं असतं, साधारण 3,100 मीटरवर. म्हणजे रात्रभर चढून, न झोपता, एका दिवसात 2,800 मीटर खाली. तुमच्या टेकडीच्या हिशोबात सात टेकड्या, एकापाठोपाठ एक उतरायच्या. वरचा भाग तर निव्वळ घसारा आहे, पायाखालून सरकणारी सुटी खडी.

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला रोखून धरत असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात त्या यामुळे. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे शिकतो. थोडी उतरण सोसली की पुढच्या वेळी तेवढ्याच उतरणीने तो कमी दुखावतो. म्हणून उतरण औषधासारखी मोजून वाढवायची. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिला महिना टेकडी एकदाच, पाठीवर ओझं नाही, दोन्ही हातांत ट्रेकिंग पोल, आणि उतरताना लहान लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, टाच आपटायची नाही. घरी आठवड्यातून दोनदा पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली टेकवायचा, तीन आकडे मोजत. दिसायला पोरखेळ वाटतो, पण गुडघ्यासाठी याच्याइतकं कामाचं मला दुसरं काही माहीत नाही.

दुसऱ्या महिन्यापासून पाठीवर सॅक. तीन-चार किलोपासून सुरुवात करा आणि हळूहळू सात-आठ किलोपर्यंत न्या. त्या डोंगरावर मोठं सामान पोर्टर नेतात. तुमच्याकडे पाणी, गरम कपडे, रेनकोट, खाऊ एवढंच असतं, त्यामुळे याहून जड ओझ्याचा हट्ट नको. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या. एक लिटर म्हणजे एक किलो. माथ्यावर पोचलात की पाणी झाडांना घाला आणि हलकी सॅक घेऊन उतरा. चढण्याचा सराव ओझ्यासकट होतो, गुडघा मात्र वाचतो. तिसऱ्या महिन्यात निम्मं पाणी खाली आणा, चौथ्यात सगळं.

टेकडी बदलायची गरज नाही, फेऱ्या वाढवा. एकाच रविवारी दोन फेऱ्या, मग तीन. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शनिवार-रविवार लागोपाठ. किलिमांजारो हा एका दिवसाचा पराक्रम नाही, सलग सहा-सात दिवस सकाळी उठून पुन्हा बूट चढवण्याचा आहे. शनिवारी थकून झोपल्यावर रविवारी सकाळी गुडघा काय म्हणतो, हे तुम्हाला एका टेकडीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त सांगेल. चढताना वेग असा ठेवा की एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता यावं. वाक्य तुटलं तर वेग कमी करा. घड्याळ घरी ठेवलंत तरी चालेल. खरं तर ठेवाच.

मुलीला तिचा वेग तोडायला सांगणं अवघड जाईल असं तुम्हाला वाटतंय. तिला सांगा की हा तिचाही सराव आहे. हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलाशी पाऊल जुळवून तीन तास चालणं हे जोरात चढण्यापेक्षा कठीण असतं, आणि शिखराच्या रात्री तिला नेमकं तेच करायचंय. एक रविवार तुम्ही पुढे, ती मागे. पुढच्याला ओलांडायचं नाही.

चौथ्या महिन्यात एकदा रात्री निघा. ओळखीच्या वाटेवर, आणखी एक-दोन जणांना घेऊन, हेडटॉर्च लावून. अर्धवट झोपेत, फक्त समोरच्या पावलांपुरता उजेड असताना मन किती लवकर कुरकुरायला लागतं, ते खाली असतानाच कळलेलं बरं. बूटही तोवर पायाला सरावलेले हवेत. नवे बूट थेट मोहिमेवर नेणाऱ्यांची मला काळजी वाटते. पायाला कुठे चुरचुरलं तर तिथेच थांबून पट्टी लावा. एका लांबच्या उतरणीवर 'पुढच्या वळणावर बघू' म्हणत मी तासभर चालत राहिले होते, आणि नंतर दोन दिवस मला बूट घालता आला नव्हता. कापायला दोन मिनिटं लागतात ती पायाची नखंही निघण्याआधी कापा, नाहीतर उतरताना अंगठे काळेनिळे होतात.

शेवटचे दहा-बारा दिवस सराव निम्म्यावर आणा. त्या दिवसांत कमावण्यासारखं काही उरत नाही, दुखापत मात्र होऊ शकते.

आणखी एक सराव सुचवते, तो थोडा विचित्र वाटेल. एका रविवारी माथ्याच्या अलीकडे, माथा समोर दिसत असताना, ठरवून परत फिरा. पाय ठीक असताना, हवा स्वच्छ असताना. करून बघा. पहिल्यांदा फार जड जातं. जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मेयर 1887 साली किलिमांजारोच्या बर्फाच्या कड्यापाशी पोचून परतला. पुढच्या वर्षी स्थानिक उठावामुळे त्याला डोंगरापर्यंत जाताही आलं नाही. 1889 साली मात्र तो लुडविग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला घेऊन आला, आणि वाटेत जागोजागी शिध्याचे तळ उभारले, म्हणजे एका प्रयत्नात जमलं नाही तर पार पायथ्यापर्यंत उतरावं लागू नये. परत फिरावं लागेल हे धरूनच त्याने बेत आखला होता. त्या ऑक्टोबरात ते दोघे शिखरावर पोचले.

तुमच्या बेतात एक बदल मी आजच करायला सांगेन. सहा दिवसांऐवजी सात दिवस घ्या. माचामे मार्गावर सहा दिवसांत बसवायचं तर बरांको कॅम्पपासून थेट बराफूला जावं लागतं आणि त्याच मध्यरात्री शिखरासाठी निघावं लागतं. सातव्या दिवसामुळे मध्ये कारांगा कॅम्पला, साधारण 4,000 मीटरवर, एक रात्र मिळते. शरीराला उंचीची एक रात्र जास्त, आणि बराफूला दुपारीच पोचून पाय पसरायला वेळ. याचे जास्तीचे पैसे पडतील. महागडं जाकीट राहू द्या, पैसे या दिवसावर घाला. गुडघ्याबद्दल तीन महिन्यांनंतरही शंका असेल, तर मारांगू मार्गाचा विचार करा. तिथे तंबूंऐवजी लाकडी झोपड्या आहेत आणि चढ-उतार एकाच वाटेने आहे. त्यामुळे कुठूनही मागे फिरणं सरळ जातं. पण तोही पाच दिवसांत नको. वाटेतल्या होरोंबोच्या झोपड्यांत जास्तीची रात्र घेऊन सहा दिवसांत करा.

मोहीम नेणाऱ्यांना विचारा: किती जणांमागे किती गाइड? आमच्यातल्या एकाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर एक गाइड उतरून दुसऱ्याला पुढे जाता येईल का? प्राणवायूचं सिलिंडर बरोबर असतं का? उत्तर गोलमाल आलं तर दुसरे शोधा. विम्यात 6,000 मीटरपर्यंतचं चालणं आणि सुटकेचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे का, तेही वाचून घ्या.

यातला दुसरा प्रश्न तुमच्या भीतीला थेट भिडतो. 'तिचं शिखर माझ्यामुळे हुकेल' ही भीती मनात ठेवून चढण्यापेक्षा खालीच, आत्ताच करार करा: एकाला उतरावं लागलं तर दुसरा तब्येत ठीक असेपर्यंत पुढे जाईल, आणि त्याबद्दल कुणी कुणाची माफी मागणार नाही. हा करार दोन्ही बाजूंनी हवा. तिला उतरावं लागलं तर तुम्ही पुढे जाल का, याचाही विचार करून ठेवा. बाप म्हणून तुम्हाला ते जमणार नाही असं मला वाटतं. तसं असेल तर तेही आधीच बोलून टाका.

आणि या रविवारपासून एक छोटी रीत पाडा. माथ्यावर पोचलात की दोघांनी एकमेकांना आकडे सांगायचे, शून्य ते दहा. गुडघा किती, दम किती, थकवा किती. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होईल. पाच महिन्यांनी सकाळ-संध्याकाळ तंबूत हेच आकडे डोकेदुखीचे, भुकेचे, झोपेचे सांगायचे आहेत, तेव्हा जीभ अडखळायला नको.

जायचं की नाही, याचा निर्णय तिसऱ्या महिन्याच्या शेवटी घ्या, आज नको. लागोपाठ दोन दिवस, दर दिवशी टेकडीच्या तीन फेऱ्या, पाठीवर पाच-सहा किलो, गोळी न घेता. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला नसेल आणि जिना उतरता येत असेल, तर तिकिटं काढा. सुजला असेल तर तारीख पुढे ढकला.

ज्यांच्या आसपास टेकडी नाही त्यांनी उंच इमारतीचा जिना धरावा. लिफ्टने न उतरता पायीच उतरावं, कारण कामाचा भाग तोच आहे. आणि ज्यांचा जोडीदार मागे पडतो, अशा भरभर चालणाऱ्यांनी माथ्यावर वाट बघताना घड्याळ बघू नये. मागून येणाऱ्याला ते लांबून दिसतं.

डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल काय सांगितलं ते मला जरूर कळवा. पण आधी मुलीला.